गुडघ्याची सोनोग्राफी: प्रोब कुठे ठेवावा, काय पाहावे आणि कुठे थांबावे

आपल्याकडे गुडघा सुजला की रुग्ण, नातेवाईक आणि पुष्कळदा डॉक्टरही ‘पाणी झालंय’ एवढेच म्हणतात. हे पाणी म्हणजे खरोखर सांध्यात साठलेला द्रव असू शकतो, सांध्याच्या अस्तराची जाड झालेली मऊ वाढ असू शकते, वाटीसमोरच्या पिशवीची सूज असू शकते, गुडघ्यामागची गाठ असू शकते किंवा पडल्यानंतर सांध्यात उतरलेले रक्तही असू शकते. बाहेरून हाताला या पाचही गोष्टी जवळजवळ सारख्याच लागतात, पण त्यांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्यासाठी सोनोग्राफीइतके जवळचे, स्वस्त आणि किरणोत्सार नसलेले साधन दुसरे नाही. अस्थिरोग, संधिवात किंवा रेडिओलॉजी विभागात काम करणाऱ्या आणि प्रोब (त्वचेवर टेकवायचे, ध्वनिलहरी सोडणारे मशीनचे टोक) नुकताच हातात घेतलेल्या डॉक्टरांसाठी हा लेख आहे. ज्यांना स्वतःचा रिपोर्ट समजून घ्यायचा आहे, अशा वाचकांनाही तो उपयोगी पडावा.

एक मर्यादा आधीच स्पष्ट केलेली बरी. गुडघ्याच्या मध्यभागी असलेली दोन्ही क्रुशिएट लिगामेंट (मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे, एकमेकांना छेदणारे पट्टे), वजन पेलणाऱ्या भागातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण), मेनिस्कसचा (दोन हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या चकतीचा) आतला भाग आणि हाडाच्या आतील सूज हे सोनोग्राफीने विश्वासार्हपणे दिसत नाही, कारण ध्वनिलहरी हाड ओलांडून पलीकडे जात नाहीत. खेळताना पाय मुरगळून ‘कट’ असा आवाज झालेला आणि काही तासांत टम्म सुजलेला गुडघा सोनोग्राफीवर ‘नॉर्मल लिगामेंट’ म्हणून घरी पाठवणे हा रुग्णावर अन्याय आहे. त्याला एमआरआयची गरज आहे.

मशीन सुरू करण्याआधी

भारतात सोनोग्राफी मशीन केवळ गुडघे पाहण्यासाठी घेतले तरी गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदान तंत्र कायद्याच्या नोंदणीतून ते सुटत नाही. या विषयावर देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. मशीनची आणि जागेची नोंदणी, ते हाताळणाऱ्या डॉक्टरची पात्रता, मशीन एका जागेवरून दुसरीकडे नेण्यावरील बंधने या सर्व गोष्टी छोट्या, हातात मावणाऱ्या मशीनलाही लागू होतात. म्हणून खरेदीची ऑर्डर देण्याआधी आपल्या भागातील समुचित प्राधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. ‘मला फक्त सांधे पाहायचे आहेत’ हे कारण नंतर कामाला येत नाही.

दुसरी तयारी रुग्णाजवळ बसून करायची. दुखणे नेमके कुठे आहे ते एका बोटाने दाखवायला सांगावे. जो रुग्ण एक बोट एकाच ठिकाणी टेकवतो त्याच्या बाबतीत सोनोग्राफी बहुधा काहीतरी ठोस सांगते. जो संपूर्ण गुडघ्यावरून तळहात फिरवतो त्याच्या बाबतीत सांधा, कंबर आणि खुबा या तिन्हींचा विचार करावा लागतो, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवणे ही रोजची गोष्ट आहे. सूज अचानक आली की हळूहळू, ताप होता का, पूर्वी गाउट (युरेटच्या स्फटिकांमुळे होणारा संधिवात) किंवा सोरायसिस होता का, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, कामाचे स्वरूप काय, हे विचारावे. रुग्णाला पाय सरळ ठेवून उचलायला सांगावे, दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहावेत आणि उभ्याने काढलेला एक्स-रे उपलब्ध असेल तर तो समोर लावावा. यातून एक प्रश्न तयार होतो. प्रोब हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे. प्रश्न न ठरवता केलेल्या तपासणीत प्रत्येक साठीच्या माणसाच्या गुडघ्यात काही ना काही सापडतेच, आणि मग त्या सापडलेल्या गोष्टीलाच दुखण्याचे कारण ठरवले जाते.

प्रोब, खोली आणि हाताचा दाब

गुडघ्यासाठी ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यातला सरळ तोंडाचा, म्हणजे लिनियर प्रोब वापरावा. वारंवारता जितकी जास्त तितके चित्र बारीक, पण लहरी तितक्या खोल पोहोचत नाहीत. म्हणून वाटीखालच्या टेंडनसाठी (स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्यासाठी) वरची वारंवारता आणि स्थूल रुग्णाच्या गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्यांसाठी खालची वारंवारता, प्रसंगी पोटाचा वक्र प्रोबही, घ्यावा लागतो. खोली इतकीच ठेवावी की पाहायची रचना पडद्याच्या मधोमध येईल. नवशिके डॉक्टर बहुतेक वेळा खोली दुप्पट ठेवतात आणि अर्धा पडदा हाडामागच्या काळ्या सावलीवर वाया घालवतात.

या तपासणीत सर्वांत जास्त चुका ज्या एका गोष्टीमुळे होतात ती म्हणजे कोन. टेंडन आणि लिगामेंट हे समांतर तंतूंचे बनलेले असतात. लहर त्यांच्यावर बरोबर काटकोनात पडली तर ती सरळ प्रोबकडे परतते आणि टेंडन पांढरेशुभ्र, रेघारेघांचे दिसते. कोन थोडा जरी ढळला तरी लहर दुसरीकडे वळते आणि तेच निरोगी टेंडन काळे, फाटल्यासारखे दिसते. याला अॅनायसोट्रॉपी म्हणतात. उपाय सोपा आहे. काळा डाग दिसला की प्रोबचे एक टोक किंचित दाबून, मग दुसरे टोक दाबून, प्रोब झुकवून पाहावे. डाग पांढरा झाला तर तो कोनाचा दोष होता. डाग तसाच राहिला, दुसऱ्या दिशेच्या छेदातही, म्हणजे प्रोब वळवून घेतलेल्या चित्रातही, दिसला आणि त्याच जागी रुग्णाला दुखले, तरच त्याला आजार म्हणावे.

दाबाचेही तसेच. द्रव शोधताना हात हलका ठेवावा, नाहीतर तो आपल्याच दाबाने बाजूला सरकतो. डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी पद्धत, लावताना तर प्रोब जेलच्या थरावर तरंगल्यासारखा धरावा, कारण दाहामुळे वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या थोड्याशा दाबानेही बंद होतात आणि पडद्यावर रंगच येत नाही. पॉवर डॉप्लरसाठी पीआरएफ (ध्वनीचे स्पंद सोडण्याची गती) अर्धा ते एक किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावी, वॉल फिल्टर (मंद हालचालींचे संकेत गाळणारी सोय) कमीत कमी ठेवावा आणि गेन (संकेतांची तीव्रता) रंगीत ठिपक्यांचा गोंधळ दिसेपर्यंत वाढवून तो गोंधळ नाहीसा होईपर्यंत हळूच मागे आणावा.

समोरची बाजू

रुग्णाला उताणे झोपवून गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवावी, म्हणजे गुडघा २० ते ३० अंश वाकतो आणि समोरचे दोन्ही टेंडन ताणले जाऊन सरळ होतात. प्रोब वाटीच्या वर, मांडीच्या मध्यरेषेत उभा ठेवावा. पडद्यावर उजवीकडे वाटीचे वरचे टोक, वरच्या भागात क्वाड्रिसेप्स टेंडन आणि तळाशी मांडीच्या हाडाची पांढरी रेषा अशी मांडणी दिसली पाहिजे. हे टेंडन चार स्नायूंचे मिळून होते, आणि बहुतेकांमध्ये त्याचे तीन थर स्पष्ट दिसतात. थरांमधली चरबीची बारीक रेघ म्हणजे फाट नव्हे.

खरी फाट बहुधा चाळिशीनंतर, मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात, मधुमेहात किंवा बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसात होते. पायरी चुकून पाय अचानक वाकला, वाटीच्या वर कळ आली आणि त्यानंतर पाय सरळ उचलता येत नाही, ही तिची ठरलेली कहाणी आहे. अशा वेळी प्रोब टेंडनवर धरून दुसऱ्या हाताने वाटी हळूच खाली सरकवावी. टेंडनची दोन टोके एकमेकांपासून दूर गेली आणि मधली काळी फट रुंदावली, तर फाट पूर्ण आहे. ही हालचाल एमआरआयच्या नळीत करता येत नाही. पूर्ण फाटीला शस्त्रक्रिया लवकर लागते, म्हणून हा निष्कर्ष त्याच दिवशी शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचवावा.

या टेंडनच्या खाली, चरबीच्या दोन गाद्यांच्या मध्ये, सांध्याच्या पोकळीचा वरचा कप्पा असतो. सांध्यात द्रव वाढला की तो प्रथम इथे दिसतो. निरोगी गुडघ्यातही एखादी काळी चीर दिसू शकते. कप्प्याची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर ती वाढलेली समजण्याचा प्रघात आहे. द्रव कमी असेल तर रुग्णाला मांडीचा स्नायू आवळायला सांगावे किंवा वाटीच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने द्रव वर ढकलावा. मग वाटीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूलाही प्रोब आडवा फिरवावा, कारण गुडघा सरळ असताना थोडासा द्रव वाटीच्या कडेलाच लपून राहतो.

आता ‘पाण्या’च्या प्रश्नाचे उत्तर. काळा दिसणारा प्रत्येक भाग द्रव नसतो. प्रोबने हळूहळू दाबावे. द्रव असेल तर तो सरकतो, कप्पा चपटा होतो आणि डॉप्लरवर त्यात रंग येत नाही. सुजलेले अस्तर असेल तर ते जागचे फारसे हलत नाही, दाबले तरी पूर्ण चपटे होत नाही आणि दाह चालू असेल तर त्यात रंग चमकतो. संधिवाताच्या अभ्यासकांच्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने २००५ मध्ये मांडलेल्या व्याख्या याच तीन कसोट्यांवर उभ्या आहेत: सरकते का, दबते का, डॉप्लरवर रंग येतो का. या तिन्ही कसोट्या प्रत्येक वेळी, वेळ कमी असला तरीही, लावाव्यात. द्रव काढून रुग्णाला आराम पडेल, पण अस्तराला दाहाचे औषध लागेल, एवढा फरक या तीस सेकंदांत ठरतो.

द्रवाचे रूपही पाहावे. झिजेच्या गुडघ्यातला द्रव बहुधा स्वच्छ काळा असतो. त्यात तरंगते ठिपके दिसले तर रक्त, पू किंवा स्फटिक यांपैकी काहीही असू शकते आणि केवळ चित्रावरून त्यांत फरक करता येत नाही. अपघातानंतर रुग्णाला काही मिनिटे शांत झोपवल्यावर द्रवाचे थर वेगळे झाले, वर चरबीचा पांढुरका आणि खाली रक्ताचा गडद थर, तर हाडातील चरबी सांध्यात आली आहे. म्हणजे सांध्यात उतरलेले फ्रॅक्चर आहे असे समजावे, साध्या एक्स-रेवर ते दिसत नसले तरीही.

यानंतर रुग्णाला गुडघा जमेल तेवढा पूर्ण वाकवायला सांगावे आणि प्रोब वाटीच्या लगेच वर आडवा ठेवावा. मांडीच्या हाडाची दरीसारखी खोबण आणि तिच्यावर कूर्चेचा काळा, गुळगुळीत पट्टा दिसतो. झिजेत हा पट्टा पातळ, धूसर आणि खडबडीत होतो. मात्र इथली कूर्चा वाटीशी घासणारी आहे, वजन पेलणारी नव्हे, हे विसरून ‘गादी शाबूत आहे’ असे लिहू नये. गाउटमध्ये युरेटचे स्फटिक कूर्चेच्या वरच्या पृष्ठभागावर बसतात, त्यामुळे हाडाच्या पांढऱ्या रेषेला समांतर अशी दुसरी, काहीशी ओबडधोबड पांढरी रेषा उमटते. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक मात्र कूर्चेच्या मधोमध ठिपक्यांसारखे दिसतात. निरोगी कूर्चेच्या वरही कधीकधी पांढरी रेघ चमकते, पण प्रोब थोडा झुकवला की ती नाहीशी होते. गाउटची रेघ कोन बदलला तरी टिकते. साठीच्या वयात गुडघा रातोरात सुजला तर हा एक छेद घेतल्याशिवाय तपासणी संपवू नये.

वाटीच्या खाली पटेलर टेंडन. उड्या मारणाऱ्या खेळांत, म्हणजे व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, कबड्डी खेळणाऱ्या मुलांमध्ये, त्याच्या वरच्या टोकाचा खोलवरचा, मध्यातला भाग जाड आणि काळसर होतो. उभ्या छेदात तो दिसतोच, पण त्याची खरी रुंदी आडव्या छेदात कळते. टेंडनची रचना गुडघा वाकवून पाहावी आणि डॉप्लर मात्र गुडघा सरळ करून लावावा, कारण ताणलेल्या टेंडनमधल्या नव्या रक्तवाहिन्या दबून जातात. टेंडनच्या खालच्या टोकामागे थोडासा द्रव निरोगी माणसातही असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर तिथले हाड तुकड्यातुकड्यांचे दिसू शकते. वाढत्या वयात तसे दिसणे अनेकदा स्वाभाविक असते, म्हणून दुसऱ्या गुडघ्याशी तुलना केल्याशिवाय त्याला आजाराचे नाव देऊ नये.

वाटीच्या थेट समोरची पिशवी, प्रीपटेलर बर्सा, शेवटी पाहावी. ती मी एकदा जवळजवळ गमावली होती. फरशी बसवण्याचे काम करणारे एक गृहस्थ गुडघ्यावरची मऊ सूज घेऊन आले होते. दिवसाचे सात-आठ तास त्यांचे गुडघ्यांवर टेकून काम चाले आणि दोन्ही वाट्यांवरची कातडी घट्ट, काळपट झाली होती. मी प्रोब नेहमीच्या दाबाने ठेवला आणि पडद्यावर कातडीच्या लगेच खाली हाड दिसले, बाकी काही नाही. सूज तर डोळ्यांना दिसत होती. मग भरपूर जेल ओतले आणि प्रोब उचलून जेलवर नुसता टेकवला, तेव्हा कातडी आणि वाटी यांच्यामध्ये एक काळा, चपटा तलाव हळूहळू उघडला. माझ्याच हाताने तो मिटवला होता. तेव्हापासून वाटीसमोर मी प्रोब ठेवत नाही, जेलवर टेकवतो. अशा पिशवीभोवतीची कातडी लाल आणि गरम असेल तर तिथे जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी आतला सांधा स्वतंत्रपणे तपासून तो कोरडा आहे की नाही हे लिहावे, कारण पिशवीचा संसर्ग आणि सांध्याचा संसर्ग यांची निकड एकसारखी नसते.

आतली बाजू

पाय बाहेर वळवून गुडघा किंचित वाकवावा आणि प्रोब सांध्याच्या फटीवर उभा ठेवावा. मांडीचे हाड वर, नडगी खाली आणि मध्ये मेनिस्कसचा पांढुरका त्रिकोण अशी रचना दिसते. त्यावरून मीडियल कोलॅटरल लिगामेंटची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटची, लांब पट्टी जाते. तिचा वरवरचा थर फटीच्या सुमारे ६ सेंटिमीटर खाली नडगीला चिकटतो, त्यामुळे फटीजवळच थांबणे पुरेसे नाही. तिचा पूर्ण माग काढावा. मार लागला असेल तर गुडघ्यावर बाहेरून आत हलका ताण देऊन फट किती उघडते ते पाहावे आणि दुसऱ्या गुडघ्यातील उघडण्याशी तुलना करावी.

मेनिस्कसबद्दल लिहिताना शब्द जपून वापरावेत. सोनोग्राफीत त्याचा बाहेरचा भाग दिसतो, मुळे आणि आतली कड दिसत नाही. तरी दोन गोष्टी ती चांगल्या दाखवते. एक म्हणजे मेनिस्कस हाडाच्या कडेबाहेर किती सरकला आहे. ३ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक सरकणे सामान्यतः महत्त्वाचे मानतात, आणि रुग्णाला उभे करून मोजल्यास ते वाढते. दुसरी म्हणजे मेनिस्कसला चिकटलेली गाठ. फटीवर टणक गाठ लागत असेल आणि ती मेनिस्कसमधल्या आडव्या काळ्या रेघेला जोडलेली दिसली, तर आत चीर असण्याची शक्यता बळकट होते. पन्नाशीनंतरच्या झिजेत हाडांचे कंगोरे, सरकलेला मेनिस्कस आणि त्यावर ताणलेले लिगामेंट ही तिन्ही एकाच चित्रात दिसतात. जिने उतरताना आतल्या बाजूला होणाऱ्या दुखण्याचे कारण रुग्णाला समजावून सांगायला तेच चित्र उत्तम.

फटीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, नडगीच्या आतल्या बाजूस, तीन टेंडन एकत्र येतात. तिथे दुखले की पुष्कळदा लगेच ‘पेस बर्सायटिस’ असे लिहिले जाते, पण सोनोग्राफीत तिथली पिशवी खरोखर सुजलेली फार कमी वेळा आढळते. काही दिसले नाही तर काही दिसले नाही असेच लिहावे.

बाहेरची बाजू

ही बाजू लवकर होते. मांडीच्या बाहेरून खाली येणारा इलिओटिबियल पट्टा नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या उंचवट्यावर जिथे चिकटतो तिथून सुरुवात करावी आणि पट्ट्याच्या मागोमाग वर जावे. लांब पल्ल्याच्या धावपटूंना मांडीच्या हाडाच्या उंचवट्यापाशी दुखते, आणि तिथे पट्ट्याखालची जागा सुजलेली दिसू शकते. बाहेरचे लिगामेंट शोधण्यासाठी प्रोबचे खालचे टोक फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यावर घट्ट ठेवावे आणि वरचे टोक पुढच्या दिशेने फिरवावे. योग्य कोनात ते दोरीसारखे एकदम उमटते. फिब्युलाच्या मानेभोवती वळणारी पेरोनियल नस (मज्जातंतू) प्रत्येक वेळी पाहावी. पाऊल उचलता येत नसलेल्या रुग्णात तिथली एखादी गाठ निदान बदलून टाकते.

मागची बाजू

रुग्णाला पालथे झोपवावे आणि पावले पलंगाच्या कडेबाहेर मोकळी सोडावीत. प्रोब गुडघ्यामागच्या खोलगट जागेच्या आतल्या बाजूला आडवा ठेवावा. पोटरीच्या आतल्या स्नायूचे डोके आणि सेमिमेम्ब्रेनोससचे टेंडन यांच्यामधली फट शोधावी. बेकर गाठ, म्हणजे सांध्यातला द्रव मागे येऊन झालेली गाठ, इथूनच बाहेर येते. या दोघांमधून सांध्याकडे जाणारी तिची मान दिसली, तर आणि तरच तिला बेकर गाठ म्हणावे. मान नसलेली काळी गाठ मेनिस्कसची असू शकते, गँग्लिऑन (जेलीसारख्या द्रवाची निरुपद्रवी गाठ) असू शकते, फुगलेली धमनी असू शकते, किंवा मऊ ऊतींची अशी अर्बुदे असू शकतात जी चित्रात पाण्यासारखी काळी दिसतात. म्हणून इथल्या प्रत्येक गाठीवर डॉप्लर लावावा आणि तो लावल्याशिवाय सुई तर कधीच घालू नये.

नंतर प्रोब मध्यावर आणावा. वरून खाली नस (मज्जातंतू), शीर आणि धमनी असा क्रम दिसतो, धमनी सर्वांत खोल. प्रोबने दाबल्यावर शीर पूर्ण मिटली पाहिजे. मिटत नसेल तर रक्ताची गुठळी गृहीत धरावी. धमनीची रुंदी दीड सेंटिमीटरच्या वर गेली तर ती फुगलेली आहे, आणि अशा रुग्णाची दुसऱ्या पायाची धमनी आणि पोटातली महाधमनीही तपासून घ्यावी.

एक प्रसंग मला रोज आठवतो. साठीच्या आसपासच्या एक शेतकरी आजी पोटरी सुजल्याची तक्रार घेऊन आल्या. गुठळी आहे असे गृहीत धरून त्यांना रक्त पातळ करणारी इंजेक्शने सुरू झाली होती, आणि पोटरी कमी होण्याऐवजी आणखी ताठरत चालली होती. मी पोटरीच्या शिरा दाबून पाहिल्या, सगळ्या मिटत होत्या. मग प्रोब वर नेला, तर खोलगट जागेत मान असलेली, सुरकुतलेली, अर्धी रिकामी गाठ होती. तिचे खालचे टोक टोकदार झाले होते आणि तिथून काळ्या द्रवाची पट्टी पोटरीच्या स्नायूवरून खाली घोट्याच्या दिशेने उतरली होती. “आजी, आठवड्यापूर्वी मागे काही फुटल्यासारखं वाटलं होतं का?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “व्हय बाबा, वाफ्यात बसून उठताना फटकन झालं बघा.” फुटलेली बेकर गाठ आणि गुठळी यांची लक्षणे इतकी सारखी असतात की दोन्ही शोधल्याशिवाय यापैकी एकाचेही औषध सुरू ठेवू नये. काही वेळा त्या दोन्ही एकाच पायात एकत्र असतात, हेही लक्षात ठेवावे.

सुई घालायची असेल तर

गरम, लाल, तापासह सुजलेला एकच गुडघा समोर असेल तर सोनोग्राफीचे काम द्रव कुठे आहे ते दाखवणे एवढेच. त्यात पू आहे की नाही हे द्रव तपासल्यावरच कळते. शक्यतो प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्रव काढून त्यातील पेशींची मोजणी, ग्रॅम स्टेन, कल्चर आणि स्फटिक या चारही तपासण्यांना पाठवावा. कृत्रिम सांधा बसवलेला असेल तर हे काम ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याशी बोलून, ऑपरेशन थिएटरसारख्या निर्जंतुक वातावरणातच व्हावे.

साध्या गुडघ्यात वाटीच्या वर, बाहेरच्या बाजूने जाणे सर्वांत सोयीचे. प्रोब वाटीच्या वर आडवा ठेवावा, कप्पा मधोमध आणावा आणि सुई प्रोबच्या लांबीच्या रेषेतच, बाहेरून आत, चपट्या कोनात न्यावी. सुईचे टोक दिसत नसेल तर सुई पुढे ढकलू नये. आधी प्रोब सरकवून टोक शोधावे. प्रोबवर निर्जंतुक आवरण आणि निर्जंतुक जेल वापरावे. त्वचेवर संसर्ग असलेल्या भागातून सुई नेऊ नये. संसर्गाची शंका असताना स्टेरॉइड कधीही सोडू नये. मधुमेही रुग्णाला स्टेरॉइड दिल्यावर पुढचे काही दिवस साखर वाढेल, हे सुई घालण्याआधीच सांगावे आणि घरी साखर मोजायला सांगावे.

रिपोर्ट

‘माइल्ड इफ्यूजन, डिजनरेटिव्ह चेंजेस, क्लिनिकल को-रिलेशन सुचवले’ या तीन तुकड्यांनी कोणाचेही भले होत नाही. ज्याने रुग्ण पाठवला त्याने काय विचारले होते ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीत यावे आणि शेवटच्या ओळीत त्याचे उत्तर यावे. उदाहरणार्थ: “उजवा गुडघा, तीन दिवसांची सूज, ताप नाही. वाटीवरच्या कप्प्यात ९ मिलिमीटर द्रव, दाबल्यावर सरकतो, तरंगते ठिपके आहेत. अस्तर जाड, डॉप्लरवर रंग मध्यम. खोबणीच्या कूर्चेवर कोन बदलला तरी टिकणारी दुसरी पांढरी रेषा. क्वाड्रिसेप्स व पटेलर टेंडन नीट. बेकर गाठ नाही. गुडघ्यामागची शीर पूर्ण मिटते. क्रुशिएट लिगामेंट या तपासणीत पाहता येत नाहीत. निष्कर्ष: दाहयुक्त सांधा, चित्र गाउटशी जुळणारे. संसर्ग वगळण्यासाठी द्रव तपासणे आवश्यक.” यात दिसलेले, न दिसलेले आणि न पाहता येणारे अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची गोष्ट लिहिली नाही तर पुढचा डॉक्टर तिला ‘नॉर्मल’ समजतो.

प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाची दोन दिशांतली चित्रे, बाजू आणि जागा लिहून जतन करावीत, आणि दाबण्यापूर्वीचे व दाबल्यानंतरचे चित्र शेजारी शेजारी ठेवावे. मोजमापासोबत त्या वेळी गुडघा किती वाकवलेला होता आणि डॉप्लर कोणत्या पीआरएफवर होता तेही नोंदवावे. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांनी तोच रुग्ण परत येतो, तेव्हा ९ मिलिमीटरचे ५ मिलिमीटर झाले हे खरे आहे की केवळ गुडघा या वेळी अधिक सरळ होता, हे त्या एका नोंदीवरूनच कळते.